दार उघडलं की नाही

बोलपटांविषयी माझी मतं ठाम आहेत आणि कुणी विचारलं नाही तरी मी ती सांगतो. नायकानं झाडाला टेकून गाणं म्हणायला माझी हरकत नाही, पण घरी आई आजारी असताना सगळी कडवी म्हणू नयेत. पौराणिक बोलपटात देव उडतात ते ठीक, पण उडताना त्यांनी खाली बघू नये. देव घाबरलेला दिसतो. मारामारीच्या बोलपटात घोडा हा नायकापेक्षा चांगलं काम करतो, हे तर मी कुणालाही पैजेवर दाखवून देईन. महायुद्ध ऐन भरात होतं त्या काळात अशी मतं असलेला माणूस अख्ख्या मुरबाडात मी एकटा होतो. मी मामलेदार कचेरीत कारकून. साहेब सोडले तर सगळी कचेरी माझ्या मतावर विसंबून कल्याणला सिनेमाला जायची, नाहीतर घरी बसायची.

यात एक बारीकशी अडचण होती. मी एकाही बोलपटाचा शेवट पाहिलेला नव्हता.

यात माझा काही दोष नाही. मुरबाडला रेल्वे नाही. कल्याणहून परतायची शेवटची मोटर युद्धामुळे कोळशाच्या गॅसवर चालायची, तिच्या पाठीला भट्टी लावलेली असायची, आणि चढ आला की उतारूंनी उतरून तिला ढकलायचं असा अलिखित करार होता. अंधाराच्या आत पोचायचं म्हणून ती लवकर सुटायची, आणि रविवारचा दुपारचा खेळ मात्र सुटायचा तेव्हाच सुटायचा. बरं, रात्री कल्याणला राहावं, तर सरकारी नोकरानं परवानगीवाचून गाव सोडून रात्र बाहेर काढायची नाही हा नियम. ड्रायव्हर काळूराम सख्ख्या बापासाठी थांबला नसता. त्यामुळे पडद्यावर कुणी मरायला टेकलेलं असो की बोहल्यावर उभं असो, मी टोपी घालून उठायचो, आणि मोटर ढकलता ढकलता पुढं काय झालं असेल ते तर्कानं काढायचो. हळूहळू माझं मत असंही बनलं की शेवट बघावा लागणं हे मुळात बुद्धी कमी असल्याचं लक्षण आहे. कचेरीला हे सगळं ठाऊक होतं आणि कुणाची तक्रार नव्हती.

मग त्या हिवाळ्यात मला दुर्बुद्धी सुचली आणि मी घरच्या मंडळींना सिनेमाला नेलं.

घरची मंडळी म्हणजे माझी बायको वत्सला आणि तिची धाकटी बहीण कमळ. कमळ दोन वर्षं आमच्याकडेच होती. तिचा नवरा देवराम, म्हणजे माझा साडू, कसाऱ्याला रेल्वेत. आपल्या आईला हिच्या हातचं जेवण मानवत नाही, एवढं कारण दाखवून त्यानं कमळला आमच्या दारात आणून सोडलं, 'पुढच्या महिन्यात नेतो' म्हणाला आणि तो महिना काही उगवला नाही. पोरगी मराठी सातवीची फायनल पास. रडत बसण्याऐवजी तिनं मुलींच्या शाळेत तात्पुरती जागा मिळवली आणि मुकाट्यानं शिकवू लागली. आणि आता देवरामचा निरोप आला होता की संक्रांत झाली की न्यायला येतो, तयारीत राहा. कसाऱ्याला त्याची आई अंगणात पडली होती, तिचा हात मोडला होता, आणि एकाएकी हिच्या हातचं जेवण तिला मानवायला लागलं होतं.

निरोप आल्यापासून घरात सल्ल्यांचा पूर आला. कुणी म्हणे नवरा स्वतः होऊन नेतोय, नशीब समज. कुणी म्हणे जा, पण आधी दोन दिवस अडून बस. वत्सला सकाळी म्हणायची जाऊ नकोस आणि संध्याकाळी म्हणायची लोक काय म्हणतील. कमळ काहीच बोलत नव्हती. म्हणून तिचं मन रमावं या उदात्त हेतूनं मी सगळ्यांना कल्याणला नेलं, आणि नेमका कुठला बोलपट लागलेला असावा? नवऱ्यानं टाकलेल्या बाईचा. ती बिचारी शिवणाचं मशीन चालवून पोट भरते, मधूनमधून गाते, आणि बऱ्याच वर्षांनी एके दिवशी तो नवरा येऊन दाराची कडी वाजवतो. ती आतून दाराशी येते. कडीवर हात ठेवते.

आणि मी उठलो, कारण मोटर.

दोघी काही केल्या बायकांच्या बाजूनं बाहेर येईनात. मला दारातून हातवारे करावे लागले, आणि मागच्या माणसांनी माझ्याबद्दल जे शब्द वापरले ते मी इथं लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना कमळनं विचारलं, "भाऊजी, तिनं दार उघडलं का हो?"

"उघडलंच असणार," मी म्हणालो. "नाहीतर बोलपट संपणार कसा?"

"असणार म्हणजे?" वत्सला आतून म्हणाली. "तुम्ही पाहिलंत?"

मी माझी तर्काची पद्धत समजावून सांगायला लागलो. आजवर कचेरीत ती कुणी नाकारली नव्हती. पण कमळ मधेच खाली बघून म्हणाली, "मला माझं ठरवता येत नाहीये, भाऊजी. सगळे सांगतात ते खरं वाटतं आणि मग खोटं वाटतं. दुसरी एखादी काय करते ते तरी बघायचं होतं." आणि कप उचलून आत गेली.

मला फार वाईट वाटलं. माझ्या पद्धतीचा अपमान झाला हे तर झालंच, पण पोरीचा चेहरा बघवेना. त्या क्षणी मी निश्चय केला की आकाशपाताळ एक करीन, पण या बोलपटाचा शेवट हिला दाखवीन. माझ्या निश्चयाची आमच्या घरी चेष्टा होते, कारण पूर्वी मी संस्कृत शिकायचा आणि दोडके लावायचा निश्चय केला होता. पण हा तसला नव्हता.

पुढच्या रविवारी पुन्हा कल्याण. जाऊन बघतो तो बोलपट बदललेला. घोड्याचा लागला होता. मोटरचं भाडं तर गेलंच होतं, म्हणून तो पाहिला. घोडा कड्याच्या टोकाशी येऊन थबकला, मागून डाकू आले, आणि मी टोपी घातली. त्यानं उडी मारली की नाही हे मला आजतागायत माहीत नाही. एका अपुऱ्या बोलपटाचे दोन अपुरे बोलपट घेऊन आम्ही घरी आलो आणि वत्सलानं दोन दिवस वाटाण्याची उसळ केली. वाटाणा मला बाधतो हे तिला लग्नापासून माहीत आहे.

शेवटी बातमी आणली ती मागच्या आळीतल्या कुंडलिकनं. हा भातशेती करणारा माणूस, पेंढा विकायला शहापूरपर्यंत गाडी नेतो. कुंपणावरून म्हणाला की अण्णा, तुमचा तो मशीनवाल्या बाईचा सिनेमा शहापूरच्या बाजारात तंबूत आलाय, मी कापडावर चित्र बघितलं. मी तिथल्या तिथं रजेचा अर्ज लिहायला घेतला.

इथून कचेरीचं प्रकरण सुरू होतं. आमचे अव्वल कारकून म्हणाले, कारणाच्या जागी 'मेव्हणीचे कामासाठी' लिही आणि मोकळा हो. पण मी खोटं लिहीत नाही. मी स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'बोलपटाचा शेवट पाहणेकामी शहापूर येथे जाणेस व रात्री राहणेस परवानगी मिळावी.' अर्ज शेरा होऊन परत आला: 'सुरुवात कधी व कोणाचे परवानगीने पाहिली, खुलासा करावा.' मी खुलासा केला. त्यावर शेरा आला की मध्यंतरानंतरचा भाग शेवटात मोडतो किंवा कसे. मी त्यावरही खुलासा केला. सगळी कचेरी कामं टाकून माझा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर जाताना बघत होती. अखेर साहेबांनी मला आत बोलावलं, बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि सही करताना म्हणाले, आल्यावर मलाही सांगा.

मग जायचं कसं, यावर आळीचा विचारविनिमय. एकाचं मत कल्याणला जाऊन आगगाडीनं आसनगावला उतरा. दुसऱ्याचं मत आगगाडीत पलटणीचे गोरे भरलेले असतात, बायकामाणसं घेऊन जाऊ नका. तिसऱ्याचं मत जाऊच नका, शेवट काय, गोड असतो. कुंडलिकची बायको ताराबाई म्हणाली, "आमची गाडी न्या. किन्हवलीवरून सरळ रस्ता हाय. हे हाकतील." असं ठरलं. कुंडलिकनं निघताना फक्त एवढं सांगितलं की डावा बैल जरा मानी आहे. म्हणजे काय ते पहिल्या ओढ्याशी कळलं. त्या बैलाला पाण्यात पाऊल घालायच्या आधी पुढं माणूस चालताना दिसावा लागे. कुंडलिकला कासरा सोडता येईना, बायका उतरणार नाहीत, तेव्हा माणूस मी. शहापूरपर्यंत जेवढे ओढे लागले तेवढ्यांतून मी कोट, टोपी आणि गुडघ्यापर्यंत वर धरलेलं धोतर अशा अवस्थेत बैलाच्या पुढं चालत गेलो. वाटेत भात झोडणारी माणसं हातातलं काम टाकून बघत. एकानं कुंडलिकला विचारलं की पुढं चाललेत ते कोण; कुंडलिक म्हणाला, कचेरीतले हायत. त्या माणसानं मला रामराम घातला. बहुतेक ही नवीन सरकारी पद्धत असावी असं त्याला वाटलं.

दिवेलागणीला पोचलो. तंबू, बाहेर धडधडणारं इंजिन, आत पुरुष एका बाजूला, बायका कनातीच्या पलीकडे. खेळ सुरू झाला. तंबूवाल्याकडे चित्र दाखवायचं यंत्र एकच, त्यामुळे एक रीळ संपलं की दिवे लागत आणि दुसरं चढेपर्यंत शेंगदाणेवाला फिरे. माझं मत आहे की हीच खरी बोलपट बघायची पद्धत, कारण विचार करायला वेळ मिळतो. नवऱ्यानं बाईला टाकलं, बाईनं मशीन घेतलं, दोन गाणी झाली, आणि एकदम पडदा पांढरा झाला. शहापूरचे मामलेदारसाहेब आणि त्यांच्या बाईसाहेब आल्या होत्या. पुढं खुर्च्या टाकल्या, आणि तंबूवाल्यानं खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. साहेब आले की गोष्ट मागं न्यायची, ही तंबूवाल्यांची रीतच. एरवी कचेरीतला माणूस म्हणून मला ती पटली असती. नवऱ्यानं बाईला पुन्हा टाकलं. तीच दोन गाणी पुन्हा ऐकली. नायकाला ती मिशी अजिबात शोभत नाही हे माझ्या दुसऱ्या खेपेला लक्षात आलं.

अखेर एकदाची कडी वाजली. बाई दाराशी आली. तिनं कडीवर हात ठेवला.

दिवे लागले. हवालदारानं शिट्टी फुंकली. तंबूच्या परवान्याची वेळ संपली होती.

माणसं घोंगड्या झटकत उठली. सवयीनं माझाही हात टोपीकडे गेला. मग कनातीच्या फटीतून मला कमळ दिसली. ती उठली नव्हती. दोन्ही हात मांडीवर ठेवून पांढऱ्या पडद्याकडे बघत बसली होती. मी टोपी काढली आणि होतो तिथंच मातीत बसकण मारली.

हवालदार आला. म्हणाला, चला. मी म्हणालो, शेवट दाखवा, मग चलतो. त्यानं मला नीट निरखलं आणि आवाज बदलून विचारलं, "सत्याग्रह करता काय?" तो काळ असा की या एका शब्दावर माणूस ठाण्याच्या तुरुंगात जायचा आणि सरकारी नोकराची नोकरी तर उभ्या उभ्या जायची. "नाही, नाही," मी घाईनं म्हणालो. "नुसता बसलोय." बसण्यावर कुठलं कलम लागतं याचा तो विचार करू लागला. तेवढ्यात कनातीपलीकडून मामलेदारसाहेबांना निरोप आला की बाईसाहेब उठत नाहीत. साहेब स्वतः कनातीपर्यंत जाऊन आले. आतून त्यांना काय सांगण्यात आलं ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण परत येऊन त्यांनी खिशातलं घड्याळ काढलं, कानाला लावलं आणि हवालदाराला म्हणाले की परवान्याची वेळ आमच्या घड्याळानं धरायची असते आणि आमचं घड्याळ मागं आहे.

शेवटचं रीळ चढलं. मी आयुष्यात पहिल्यांदा बोलपटाचा शेवट पाहिला.

तिनं दार उघडलं. उघडलं आणि सरळ त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. तो म्हणाला, "मी तुला क्षमा केली." मग दोघांनी मिळून एक गाणं म्हटलं आणि मशीनवर पांढरं कापड घातलं. पुरुषांच्या बाजूला टाळ्या पडल्या. बायकांच्या बाजूला अगदी सामसूम.

परतीच्या वाटेवर मी खुशीत होतो. माझा तर्क अक्षरन् अक्षर खरा निघाला होता. मी दोनदा तसं बोलूनही दाखवलं. दुसऱ्या वेळी वत्सला म्हणाली, "त्यानं तिला क्षमा केली? त्यानं?" कमळ शालीत तोंड गुरफटून बसली होती. ओढे आले की मी उतरून पुढं चालत होतो.

आणि आता ऐका. दुसऱ्या दिवशी वत्सला विहिरीवर गेली. बायकांनी विचारलं, काय झालं शेवटी? माझी बायको, जिनं माझ्याबरोबर तो शेवट पाहिला, ती शांतपणे म्हणाली, "नाही उघडलं. आतून म्हणाली, माझं मशीन चालू आहे, मला वेळ नाही."

इकडे मी कचेरीत साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना सांगून बसलेला की दार उघडलं! दुपारपर्यंत दोन्ही शेवट गावात समोरासमोर आले. मी घरी येऊन वत्सलाला जाब विचारला. ती भाकरी थापत म्हणाली, मला दिसलं ते मी सांगितलं. आयुष्यात एकदा मी शेवट पाहिला आणि त्याच्यावर माझ्याच स्वयंपाकघरात संशय घेतला जात होता. मी हट्टाला पेटलो. म्हणालो, ज्याला शंका असेल त्यानं शहापूरला जाऊन खात्री करावी.

ताराबाईनं ते मनावर घेतलं. तिनं सकुबाई, भिमी आणि आळीतल्या आणखी काही जणींना गोळा केलं, भाकऱ्या बांधल्या आणि कुंडलिकला गाडी जुंपायला लावली. मी निश्चिंत होतो. एवढे साक्षीदार एकदम खोटे पडत नसतात.

गाडी परत आली तेव्हा मी आणि निम्मी कचेरी नाक्यावर उभी. ताराबाई गाडीतून उतरली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "नाय उघडलं." सकुबाई म्हणाली, नाय उघडलं. भिमीनं तर मशीनचा आवाजही करून दाखवला. मी कुंडलिककडे धावलो. तो बराच वेळ बैलाचं जू सोडत राहिला. मग ताराबाईकडे एकदा बघून म्हणाला, "अण्णा, शेवटाला मी भायेर बैलांना पेंढा घालत होतो." ताराबाई मला समजावणीच्या सुरात म्हणाली की तुमी सवयीनं आदीच उठला असाल. कचेरी खो खो हसली. तेव्हापासून माझ्या मतावर कुणी सिनेमाला जाईनासं झालं. मी तंबूवाल्यालाच मुरबाडला बोलावून साक्ष द्यायला लावणार होतो, पण तोवर तंबू उठून घाटावर गेला होता.

संक्रांत झाली आणि देवराम आला. रेल्वेचा काळा कोट, हातात तिळगुळाचा पुडा. मुरबाडात दिवसा दार कुणी लावत नाही, त्यामुळे कडी वाजवण्याचा प्रश्न आला नाही. तो सरळ ओटीवर आला. त्याच वेळी आळीतल्या यच्चयावत बायकांना ओट्यावरची कामं आठवली. ताराबाई सूप घेऊन कुंपणापाशी येऊन बसली. कमळ पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली.

देवराम म्हणाला, आवर, मोटर उभी आहे. कमळनं तांब्या खाली ठेवला. म्हणाली, "आईंसाठी बाई ठेवा. मला शाळा आहे."

देवरामला आधी काही समजलंच नाही. मग हसला. "तो मशीनवालीचा सिनेमा बघून आलीस ना, मोटरीत ऐकलं मी. अगं, मीपण पाहिलाय तो, कल्याणला. शेवटी ती दार उघडते आणि पाया पडते. विचार तुझ्या भाऊजींना. ते खोटं बोलायचे नाहीत. काय हो साडूभाऊ?"

मी कसा उभा राहिलो ते माझं मला ठाऊक. इतके दिवस मी ज्याच्या शोधात होतो तो साक्षीदार माझ्या ओटीवर उभा होता! शेवट पाहिलेला, घाईत न उठलेला, माझ्या बाजूचा एकुलता एक माणूस. वाटलं, याला मिठी मारावी आणि हाताला धरून थेट कचेरीत न्यावं. वत्सला दारात येऊन थांबली. ताराबाईचं सूप थांबलं. कमळनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत विनवणी वगैरे काही नव्हती. मी काय म्हणतो एवढंच ती बघत होती.

"नाही उघडत," मी म्हणालो.

"अहो, मी या डोळ्यांनी पाहिलंय."

"मी शेवटपर्यंत बसून पाहिलंय," मी म्हणालो. "ती दार उघडत नाही."

कुंपणापलीकडून ताराबाई म्हणाली, "नाय उघडत." मग पुढच्या ओट्यावरून सकुबाई. देवरामनं एकदा सगळ्या आळीवरून नजर फिरवली, तिळगुळाचा पुडा तसाच हातात धरून ओटी उतरला आणि मोटरीकडे गेला. काळूरामनं भट्टी पेटवलेली होती. चढावर त्यालाही उतरून ढकलावं लागलं असणार, पण तो माझा तर्क आहे.

संध्याकाळी अव्वल कारकुनांनी मला मुद्दाम सगळ्यांसमोर विचारलं की त्या बोलपटाबद्दल तुमचं शेवटचं मत काय ते सांगून टाका. मी सांगितलं. बोलपट एकूण सुमार आहे. गाणी फार आहेत, नायकाचं काम घोड्यालाही जमलं असतं. शेवट मात्र उत्तम आहे.